तेलंगांची कैफियत

येथील आमच्या समाजाच्या एका मंदिराची स्मरणिका रामनवमीस निघावयाची होती, आणि तीसाठी आलेले निबंध वाचून मत देण्याचे काम आमच्याकडे आले. वकिलास वाचनाची फी द्यावी लागत नाही अशी आपल्या लोकांची जुनी समजूत आहे. ती आम्ही मोडीत काढली नाही. अकरा निबंध होते. त्यांतील दहांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. अकरावा निबंध मात्र आम्हांस दोन रात्री पुरला. लेखक आमच्याच परिचयातील एक तरुण अभियंता, बुद्धीने तल्लख, वृत्तीने श्रद्धाळू. निबंधाचा विषय ‘श्रीरामजन्माचा काल’. अखेरीस एकेचाळीस आधारग्रंथांची यादी जोडलेली. निष्कर्ष असा की, प्रभू रामचंद्रांचा जन्म इसवी सनापूर्वी ५११४ या वर्षी १० जानेवारीस झाला, हे संगणकाने सिद्ध झाले आहे, आणि जे पाश्चात्त्य पंडित हे मान्य करीत नाहीत त्यांचा हेतू शुद्ध नव्हे.

एकेचाळीस आधार पाहून आम्ही प्रथम दबलो हे कबूल केले पाहिजे. पण यादी वाचता वाचता आमची वकिली जागी झाली. पुण्याच्या डॉ. प. वि. वर्तकांचे ‘वास्तव रामायण’ या यादीत होते. वर्तकांनी रामजन्माचा काल इ. स. पू. ७३२३ असा काढला आहे. निबंधकाराने वर्तक आणि ५११४ वाले गणित यांना एकाच ओळीत, एकमेकांचे पाठीराखे म्हणून, उभे केले होते. दोहोंतील अंतर २२०९ वर्षांचे. एकाच घटनेची वेळ दोन साक्षीदार बावीसशे वर्षांच्या फरकाने सांगू लागले, तर ज्याने त्यांना बोलाविले त्या वकिलास न्यायाधीश काय म्हणतील हे सांगावयास नको. निबंधकाराने मात्र साक्षीदार मोजले होते. त्यांची साक्ष ऐकली नव्हती.

मतप्रतिपादक निबंधाची आपल्याकडे अलीकडे हीच रीत होऊन बसली आहे. मत आधी ठरते, मग आधार गोळा होतात. आणि आधार जितके अधिक तितका निबंध भारी, असे मानले जाते. आम्ही त्या तरुणास निबंध परत करण्याऐवजी कपाटातील एक जुनी पुस्तिका वाचावयास दिली. तीविषयीच हे टिपण आहे. पुस्तिका न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग यांची. इंग्रजीत लिहिलेली, १८७३ मध्ये मुंबईत छापलेली. तिच्या नावाचा मराठीत अर्थ असा होईल: रामायण हे होमरवरून उतरून घेतले काय?

तेलंगांचा परिचय आमच्या वाचकांस करून देणे म्हणजे घरच्या माणसाची ओळख घरच्यांस करून देण्यासारखे आहे. तरी दोन तारखा सांगितल्या पाहिजेत, कारण त्यांवाचून या निबंधाची योग्यता कळत नाही. तेलंगांचा जन्म १८५० चा. १८७२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत त्यांची अ‍ॅडव्होकेट म्हणून नोंद झाली. म्हणजे बर्लिनच्या आल्ब्रेख्त वेबरशी ते वादास उभे राहिले तेव्हा त्यांचे वय बावीस-तेवीस, वकिलीची सनद हाती पडून वर्ष उलटले न उलटले असे. वेबर त्या वेळी युरोपातील संस्कृत पंडितांमध्ये अग्रगण्य होते. पुढे १८८९ मध्ये तेलंग न्यायाधीश झाले, मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले, आणि १८९३ मध्ये, उणीपुरी त्रेचाळीस वर्षे जगून, निवर्तले. ज्या वयात आम्ही या ओळी लिहीत आहो त्या वयात त्यांचे कार्य आटोपले होते. असो.

वेबरांचे म्हणणे काय होते? १८७० मध्ये त्यांनी रामायणावर एक प्रबंध लिहिला. त्याचे इंग्रजी भाषांतर १८७२ मध्ये, नव्यानेच निघालेल्या ‘इंडियन अँटिक्वेरी’त आले. त्यांच्या मते रामकथेचे जुने रूप बौद्धांच्या दशरथ जातकात आहे. ते जातक फाउसबॉल यांनी १८७१ मध्ये कोपनहेगनला छापले. त्यात दशरथ हा वाराणसीचा राजा; राम, लक्ष्मण आणि सीता ही त्याची मुले, म्हणजे परस्परांची भावंडे; वनवास हिमालयात आणि बारा वर्षांचा. भरत येतो, राम आपल्या गवताच्या पादुका त्यास देतो, मुदत संपल्यावर परत येऊन राज्य करतो आणि सीता त्याची राणी होते. आमच्या वाचकांच्या कानांस हे कठोर लागेल. परंतु ग्रंथात जे आहे ते आहे. मुख्य गोष्ट ही की, या जातकात रावण नाही, सीताहरण नाही, लंका नाही. मग हरण आणि लंकेचा वेढा वाल्मीकींनी आणले कोठून? वेबर म्हणतात, हेलनचे हरण आणि ट्रॉयचा वेढा यांच्या ग्रीक कथांची वार्ता हिंदुस्थानात पोहोचली असावी, तेथून. याच्या पुष्टीस त्यांनी इतर पुरावा जोडला: रामायणात यवनांचा उल्लेख आहे, रामाच्या जन्मकाली कर्क लग्न आणि पाच ग्रह उच्चीचे सांगितले आहेत, आणि राशींचे हे ज्योतिष ग्रीकांकडून आलेले आहे, म्हणून आजचे रामायण बरेच अर्वाचीन.

आता अशा लेखास उत्तर देणारा आपल्याकडचा लेखक प्रथम काय करील? संतापेल. तेलंग संतापत नाहीत. वेबरांचे म्हणणे ते आधी मांडतात, पुरे मांडतात, वेबरांच्या बाजूस उभे राहून कोणी मांडावे तसे मांडतात. न्यायालयात याला फार मोल असते. ज्याची कैफियत प्रतिपक्षाचा दावा आधी सरळपणे सांगते, तिच्या पुढच्या परिच्छेदावर न्यायाधीशाचा विश्वास बसतो. यानंतर त्यांचा पहिला प्रश्न पुराव्याच्या ओझ्याचा: दोन कथांत साम्य आहे एवढ्यावरून एकीने दुसरीपासून उचलले असे ठरत नाही, जो उचलल्याचे म्हणतो त्याने ते सिद्ध करावयाचे. ज्या वर्षी वेबरांचे भाषांतर प्रसिद्ध झाले त्याच वर्षी आपल्या देशात पुराव्याचा कायदा अमलात आला, हा योगायोग वकिलाच्या डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही. तो कायदा २०२४ च्या जुलैपासून जाऊन त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. पण जो म्हणेल त्याने सिद्ध करावे हे तत्त्व त्यातही जसेच्या तसे आहे.

आणि साम्य तरी कितीसे? आपणच ताडून पाहावे. हेलन पाहुण्याबरोबर घर सोडून गेली, ती किती स्वेच्छेने आणि किती देवतेच्या मोहाने, हा ग्रीकांतही वाद आहे. सीतेस संन्याशाचे सोंग घेऊन वनातून बळाने नेले. ट्रॉयचा वेढा दहा वर्षे चालला. लंकेचे युद्ध काही दिवसांचे. हेलन परत जाऊन स्पार्टात सुखाने राहिली. सीतेच्या वाट्यास अग्निपरीक्षा आली. स्त्रीचे हरण आणि तिच्यासाठी युद्ध एवढाच सांगाडा समान उरतो, आणि तेवढा सांगाडा कोणत्या देशाच्या कथांत नाही?

जातकाच्या बाबतीत तेलंगांनी विचारलेला प्रश्न आम्हांस सर्वांत मार्मिक वाटतो. जातक साधे आहे म्हणून ते जुने, हे गृहीत कशावरून? बौद्धांनी प्रचलित ब्राह्मणी कथा घेऊन आपल्या उपदेशास सोयीची अशी तिची काटछाट केली नसेल कशावरून? शोकाने खचू नये हा ज्या कथेचा उपदेश, तिला लंकेच्या युद्धाची गरजच नाही. साक्षीदाराने एखादी गोष्ट सांगितली नाही म्हणून ती घडलीच नाही असे होत नाही. तिला विचारलेल्या प्रश्नात ती येत होती काय, हे पाहावे लागते. पुढे १८९३ मध्ये, म्हणजे तेलंगांच्या निधनाच्याच वर्षी, हेर्मान याकोबी यांनी रामायणावरील आपल्या जर्मन ग्रंथात ग्रीक उगमाची कल्पना नाकारली. जातकातील एक पाली गाथा रामायणातील रामराज्याच्या वर्णनाशी जुळते, हेही पंडितांच्या ध्यानात आले. ओघ कोणीकडून कोणीकडे वाहिला असावा याची ती एक खूण आहे.

पुस्तिका छापली म्हणून तेलंग थांबले नाहीत. १८७४ मध्ये त्यांनी ‘इंडियन अँटिक्वेरी’त एक लहान टिपण दिले. त्याचा विषय: रामायण पतंजलीहून जुने. पतंजलीच्या महाभाष्यात उदाहरणादाखल आलेली एक ओळ रामायणात आढळते, हे त्यांनी दाखविले. आता या एका ओळीमागे किती आधार एकमेकांस धरून उभे आहेत ते पाहा. पतंजली केव्हा झाला हे ठरल्यावाचून ती ओळ मुकी आहे. ते ठरविण्याचे काम रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७२ मध्ये त्याच नियतकालिकात केले होते, आणि तेथेही त्यांचा सामना वेबरांशीच होता. भाष्यात पुष्यमित्रासाठी यज्ञ चालल्याचे उदाहरण वर्तमानकाळात येते. यवनाने साकेत नगरीस वेढा घातल्याचे उदाहरण नुकत्याच होऊन गेलेल्या घटनेसारखे येते. त्यावरून पतंजली इ. स. पू. दुसऱ्या शतकातला. साकेत म्हणजे अयोध्या. ज्या ग्रीकांनी आम्हांस रामकथेचे कथानक दिले असे वेबर म्हणत होते, त्याच ग्रीकांच्या अयोध्येवरील स्वारीने रामकथेच्या प्राचीनतेस साक्ष द्यावी, यातील मौज तेलंगांसारख्या रसिकास जाणवली नसेल असे आम्हांस वाटत नाही.

येथे आम्ही त्या तरुणास मुद्दाम थांबविले. व्याकरणाचा ग्रंथ, इतिहास आणि काव्य अशा तीन वेगळ्या ठिकाणचे तीन पुरावे. यांपैकी एकाही ग्रंथाचा कर्ता रामायणाच्या वादात पक्षकार नव्हता. आणि प्रत्येकाचे काम वेगळे. आधार एकेचाळीस नकोत, तीन पुरे. पण एक काढला असता दुसरा लुळा पडावा, असे ते एकमेकांत गुंतलेले हवेत. त्याच्या यादीतील तीस नावे काढून टाकली असती तरी त्याच्या निबंधातील एकही वाक्य हलले नसते.

तथापि तेलंगांचा हा पुरावा निर्दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. प्रतिपक्षाचा वकील येथे उलटतपासणी करील आणि ती योग्य असेल. ती ओळ रामायणात सीतेच्या तोंडी येते, आणि ती लोकांत प्रचलित असलेली गाथा आहे असे ती स्वतःच म्हणते. मग पतंजलीने ती वाल्मीकींकडूनच घेतली कशावरून? दोघांनीही लोकांच्या तोंडून घेतली असेल. या एका ओळीवर रामायणाचा काल ठरवू गेल्यास इमारत डळमळते. मूळ निबंधातही एक उणीव आहे, आणि ती वकिलाचीच आहे. ‘उतरून घेतले’ हा शब्द तेलंगांनी मथळ्यात घातला. वेबरांचे म्हणणे इतके ढोबळ नव्हते. होमरची कथाचक्रे कानी आली असावीत आणि त्यांतील कल्पना शिरल्या असाव्यात, असा त्यांचा सूर होता. प्रतिपक्षाचा दावा आहे त्याहून मोठा करून मग तो पाडणे हा बारमधला जुना डाव आहे. आम्हीही तो खेळलो आहो. ज्याने आतल्या पानांत वेबरांस इतक्या न्यायाने वागविले, त्याने मथळ्यात हा मोह आवरला असता तर बरे होते.

आता आमच्या गावाकडे वळले पाहिजे, कारण या खटल्याचा एक महत्त्वाचा कागद वडोद्यात आहे. तेलंगांच्या काळी रामायणाच्या निरनिराळ्या शाखांचे पाठ छापलेले होते. सर्व शाखांची हस्तलिखिते एकत्र ताडून तयार केलेला पाठ नव्हता. तो १९६० पासून १९७५ पर्यंत येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिराने सात खंडांत प्रसिद्ध केला. बालकांड १९६० मध्ये गो. ह. भट्टांनी संपादिले, पुढील कांडे प. ल. वैद्य, दिवाणजी, मांकड, झाला यांनी, आणि अखेरचे उत्तरकांड उमाकांत शहांनी. या आवृत्तीत प्रत्येक पानावर वर निश्चित केलेला पाठ आणि खाली ज्यास पुरेसा हस्तलिखितांचा आधार नाही तो मजकूर, खुणेसह, दिलेला असतो. न्यायालयाची दफ्तरे पाहणाऱ्या माणसास ही मांडणी फार ओळखीची वाटते: काय शाबीत आणि काय नुसते दाखल, हे एका दृष्टीत कळते.

बालकांडाच्या सतराव्या सर्गात रामजन्म आहे. कौसल्येला पुत्र झाला हे वर आहे. चैत्र मास, नवमी तिथी, कर्क लग्न, पाच उच्चीचे ग्रह हे श्लोक खाली गेले आहेत.

वेबरांच्या दाव्याचा एक खांब येथे पडला. राशींच्या ज्योतिषावरून रामायण अर्वाचीन ठरविणारा श्लोकच मूळ पाठात उरला नाही. तेलंगांनी हे पाहिले असते तर त्यांस किती समाधान झाले असते! पण त्याच क्षणी आमच्या तरुण मित्राच्या निबंधाचाही खांब पडला, आणि त्याच्याकडे तो एकच होता. ५११४ काय किंवा ७३२३ काय, जन्मकालाची ही गणिते त्याच ग्रहस्थितीवर टेकलेली आहेत. श्लोक खरा आणि मूळचा मानला तर राशी आणि उच्च ग्रह वाल्मीकींच्या वेळी प्रचलित होते असे मानावे लागते. वैदिक ज्योतिष सत्तावीस नक्षत्रांवर चालते. वराहमिहिराच्या बृहज्जातकात राशींची क्रिय, तावुरि, जितुम अशी ग्रीक वळणाची नावे अजून दिसतात. म्हणजे श्लोक राखला तर वेबरांच्या हाती काठी राहते; श्लोक सोडला तर तारीख जाते. वेबर खोटा आणि तारीख खरी, असे दोन्ही एका निबंधात मागता येत नाही. मागावयाचे असेल तर राशींचे ज्ञान येथे स्वतंत्रपणे सात हजार वर्षांपूर्वी होते, हे वेगळ्या आधाराने सिद्ध केले पाहिजे. एकेचाळीसांतील एकानेही ते काम केलेले नव्हते.

आणि वडोद्याचा पाठ आपल्या बाजूचा आहे असे समजून कोणी हर्ष करू लागेल तर तेही घाईचे होईल. वसिष्ठांच्या धेनूने निर्माण केलेल्या सैन्यांत शक आणि यवन आहेत. ते संशोधित पाठातही आपल्या जागी आहेत. कर्क लग्न खाली गेले, यवन वर राहिले. याकोबींचे उत्तर असे की, बालकांड आणि उत्तरकांड ही मूळ काव्यास मागाहून जोडलेली आहेत, म्हणून बालकांडातील यवनांवरून अयोध्याकांडाचा काल ठरत नाही. हे आम्हांस पटते. परंतु ज्यांस बालकांड वाल्मीकींच्याच हातचे वाटते त्यांनी यवनांचे काय करावयाचे ते सांगावे.

तरुणाने हे सर्व ऐकून घेतले. मग त्याने जो प्रश्न विचारला त्यासाठी आम्ही हे टिपण लिहावयास घेतले. तो म्हणाला, “काका, मग आपण नवमीस दुपारी बारा वाजता पाळणा का हलवितो? पर्तगाळीस मठात जन्मोत्सव होतो तो कशाच्या आधारावर? हे श्लोक तळटीपेत गेले म्हणून मी आईला काय सांगू?”

प्रश्न हलका नव्हता. तारखेच्या हट्टामागे त्याचे हे भय होते, हे आमच्या तोवर ध्यानी आले नव्हते. त्याच्या निबंधाचा उपहास करीत होतो याची थोडी लाजही वाटली. आम्ही त्यास आमच्या धंद्यातला एक भेद सांगितला. एखादी जमीन कोणाची हे दस्तावरून ठरते, तसे वहिवाटीवरूनही ठरते. दस्त सापडला नाही म्हणून पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट बुडत नाही. रामनवमी हे व्रत आहे. कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये लिहिलेल्या निर्णयसिंधूत त्याचा निर्णय आहे: मध्याह्नास व्यापणारी नवमी घ्यावी, पुनर्वसूचा योग असल्यास अधिक पुण्यप्रद. तेथे आधार मुख्यतः अगस्त्यसंहितेचा आहे. व्रताचे प्रामाण्य धर्मशास्त्राचे आणि शिष्टाचाराचे आहे, हस्तलिखितांच्या ताळमेळाचे नव्हे. भट्टांनी श्लोक वर ठेविला असता तरी तुझ्या आईच्या पाळण्याचा हक्क वाढला नसता. खाली नेला म्हणून तो कमी झाला नाही. पण वहिवाटीच्या जोरावर ज्याचे रक्षण होते, त्यासाठी खोटा दस्त मात्र हजर करू नये. पकडला गेला म्हणजे खऱ्या वहिवाटीवरही संशय येतो.

तेलंगांनी हा भेद पाळला होता. १८७५ मध्ये त्यांनी भगवद्गीतेचे इंग्रजी पद्य भाषांतर केले, तेव्हा गीतेत ख्रिस्ती शुभवर्तमानांतून उचललेले आहे असे म्हणणाऱ्या लोरिन्सरांस त्यांनी प्रस्तावनेत उत्तर दिले. तेथेही प्रश्न कालाचा आणि शब्दसाम्याचा एवढाच ठेविला; गीता भगवंतांची वाणी आहे म्हणून ती परकी असू शकत नाही, असे ते म्हणत नाहीत. तसे म्हटले असते तर येथे टाळ्या पडल्या असत्या, परंतु लोरिन्सरांस उत्तर मिळाले नसते. १८८२ मध्ये माक्स म्युलरांच्या ग्रंथमालेत तेलंगांचे गीतेचे गद्य भाषांतर आले, ते अशा लिखाणाच्या पुण्याईवर.

स्मरणिका वेळेवर निघाली. तरुणाचा निबंध तीत आहे, मथळा बदललेला: ‘रामजन्माचे श्लोक: एक पाठचिकित्सा’. एकेचाळीसांचे नऊ आधार झाले आहेत. वर्तकांचे मत आणि ५११४ चे गणित आता वेगवेगळ्या परिच्छेदांत, परस्परविरोधी म्हणून, दिले आहेत. दशरथ जातकाचे अर्धे पान मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांस खटकले आणि ते गाळावे असा त्यांचा आग्रह होता. पोराने ते गाळले नाही, आणि आम्हीही त्याच्या बाजूने मत दिले. नवमीस बाराच्या सुमारास सभागृहात पाळणा हलला, सुंठवडा वाटला गेला. तेलंगांची पुस्तिका त्याने अद्याप परत केलेली नाही.